टाळूची शिवण

चावी एवढीशीच आहे. बोटभर लांबीची तार, एका टोकाला जराशी वाकलेली, दुसऱ्या टोकाला प्लास्टिकची मूठ. मुठीला मी जाड दोरा बांधला आहे आणि तो मनगटाभोवती गुंडाळून घेते, म्हणजे चावी बोटांतून सुटली तरी लेकीच्या घशात जाणार नाही. ती पलंगावर आडवी होते, मान मागे टाकते. तिचे बाबा टॉर्च धरतात. "आ कर. अजून मोठा." टाळूच्या मधोमध, दाढांना बसवलेल्या कड्यांना जोडलेला, वरचा जबडा रुंद करणारा एक स्क्रू चमकतो. त्यात बारीक भोकं आहेत. पुढच्या भोकात चावी घालायची आणि घशाच्या दिशेने ढकलत न्यायची, नवं भोक पुढे दिसेपर्यंत. ते पुरतं दिसलं की फेरा झाला. मग चावी मागच्या मागेच अलगद काढायची. घाईत पुढे ओढली तर दिलेला फेरा परत फिरतो.

पाव फेरा. तेवढ्यात स्क्रू पाव मिलिमीटर उघडतो. वहीची दोन-अडीच पानं एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी होईल, तेवढा.

पहिल्या रात्री माझा हात इतका कापत होता की चावी तीनदा भोकाबाहेर गेली. डॉक्टरांनी दवाखान्यात दोनदा करून घेतलं होतं, दोन्ही वेळा जमलं होतं. पण तिथे डॉक्टर शेजारी होत्या. घरी, रात्री साडेनऊला, आपल्या लेकीच्या कवटीचं एक हाड आपण आपल्या हाताने सरकवणार आहोत, ही जाणीव बोटांत उतरली. फेरा झाल्यावर तिने डोळे मिटले आणि दोन्ही भुवयांच्या मध्ये बोट ठेवलं. "इथे दाबल्यासारखं होतंय." दात नव्हते दुखत, टाळू नव्हती दुखत, दाब नाकाच्या मुळाशी जाणवत होता. असं होईल हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून मी घाबरले नाही. पाचेक मिनिटांत तो गेला आणि ती पुस्तक घेऊन बसली. मी मात्र बराच वेळ तिच्याकडे बघत होते.

ती नऊ वर्षांची आहे. गोष्ट सुरू झाली एका फोटोपासून. फोटोत ती समोर बघून हसते आहे आणि तिची हनुवटी किंचित डावीकडे आहे. मला वाटलं, मान कलली असेल. जुने फोटो काढून पाहिले. दोन वर्षांपूर्वीच्या फोटोतही तेच, फक्त थोडं कमी. मग तिला समोर बसवून दात मिटायला सांगितले. तोंड उघडं असताना हनुवटी सरळ होती. मिटताना शेवटच्या क्षणी खालचा जबडा डावीकडे सरकायचा, दार चौकटीत बसवताना आपण ते जरा उचलून ढकलतो तसा.

दातांची रचना नीट असेल तर वरची कमान खालच्या कमानीपेक्षा थोडी रुंद असते. डब्यावर झाकण बसावं तशा वरच्या दाढा खालच्या दाढांच्या बाहेरून येतात. लेकीचं झाकण डब्यापेक्षा लहान होतं. वरचा जबडा दोन्ही बाजूंनी सारखाच अरुंद होता. त्यामुळे दात मिटले की दाढांची टोकं टोकांवर यायची आणि नीट चावता यायचं नाही. मग जबडा आपला आपण एका बाजूला सरकून सोयीची जागा शोधायचा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं की फक्त डाव्या बाजूच्या दाढा उलट्या बसतात. मुलांमध्ये एका बाजूचा असा 'क्रॉसबाइट' दिसतो तेव्हा पुष्कळदा मूळ दोन्ही बाजूंना असतं. दिवसातून शेकडो वेळा जबडा असा सरकत राहिला, तर ते वाकडेपण वाढत्या हाडात मुरण्याची भीती असते.

आणि इथे मला एक राग आहे, तो लिहून टाकते. ती सात वर्षांची असताना दाढेतली कीड भरायला आम्ही एका दंतवैद्यांकडे गेलो होतो. दात थोडे दाटीवाटीने येताहेत का, असं मी विचारलं होतं. "दुधाचे दात सगळे पडू देत, मग बघू," असं उत्तर मिळालं. तिच्या तोंडात टॉर्च होता, आरसा होता, सगळं दिसत होतं. दातांच्या वेडेवाकडेपणासाठी हे थांबणं बरेचदा योग्यच असतं, हे मला आता कळतं. जबड्याच्या रुंदीसाठी ते योग्य नाही. दुधाचे शेवटचे दात पडेपर्यंत मूल अकरा-बारा वर्षांचं होतं, आणि टाळूतली जी शिवण आज पाव-पाव मिलिमीटरने उसवते आहे ती तोवर गुंतू लागलेली असते. आम्हाला दोन वर्षं उशीर झाला. सुदैवाने दोनच.

शिवण हा शब्द मी उगाच वापरत नाही. वरचा जबडा हे एक हाड नाही, उजवं आणि डावं अशी दोन हाडं आहेत, टाळूच्या मध्यरेषेवर जोडलेली. जीभ टाळ्याला लावून मागे-पुढे फिरवली तर मधोमध एक बारीक उंचवटा लागतो. त्याच्या वर, हाडात, ती शिवण आहे. लहानपणी तिच्या कडा बऱ्यापैकी सरळ असतात, मधे मऊ तंतू असतात. वय वाढतं तशा कडा नागमोडी होतात. किशोरवयात दोन्ही बाजूंचे दाते एकमेकांत घुसू लागतात, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तसे. मग कुठे कुठे हाडाचे पूल बांधले जातात आणि सावकाश दोन हाडांचं एक होतं.

हे नेमकं कधी होतं, याचं वेळापत्रक नाही. 1977 च्या एका अभ्यासात पंधराव्या वर्षीच शिवण बुजू लागलेली एक मुलगी आढळली होती, आणि सत्ताविसाव्या वर्षीही अजिबात न बुजलेली एक बाई. म्हणून नुसत्या वयावरून कुणाला हो किंवा नाही म्हणता येत नाही. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ती मोकळी असणार, असं पुष्कळ खात्रीने म्हणता येतं.

मराठीत 'टाळू' या एका शब्दाला दोन अर्थ आहेत. एक तोंडातली, दुसरी डोक्यावरची. तान्ह्या बाळाच्या डोक्यावरची मऊ, धडधडणारी जागा म्हणजेही टाळूच. लेकीची ती टाळू मी किती जपली होती. न्हाऊ घालताना तिथे बोट अलगद फिरायचं, "टाळू भरली का?" हा प्रश्न येणारा-जाणारा विचारायचा. साधारण दीड वर्षाच्या सुमारास ती भरली आणि आपण एका काळजीतून सुटलो असं वाटलं. कवटीची हाडं जन्मतः जुळलेली नसतात आणि ती वाढीसाठीच सुटी ठेवलेली असतात, हे आपल्या भाषेला, घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या बाईला ठाऊक आहे. मात्र त्याच नावाची दुसरी टाळू, तोंडातली, तीही सुटी आहे आणि तीही एक दिवस भरणार आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या टाळूवरून कुणी बोट फिरवलं नाही.

टाळू तयार होते तीही विलक्षण रीतीने. गर्भाच्या आठव्या आठवड्याच्या आसपासपर्यंत टाळूचे दोन पडदे जिभेच्या दोन्ही बाजूंना उभे लोंबत असतात. मधे जीभ असते, म्हणून ते एकमेकांपर्यंत पोहोचू शकत नाहीत. मग जीभ खाली जाते. जागा होताच पडदे वर उचलले जातात, आडवे होतात, मध्यरेषेवर भेटतात आणि बाराव्या आठवड्याच्या सुमाराला टाळू जुळते. ते भेटले नाहीत तर मूल दुभंगलेली टाळू घेऊन जन्मतं. म्हणजे टाळू होण्यासाठी जिभेला आधी बाजूला व्हावं लागतं.

आणि जन्मानंतर त्याच जिभेला परत वर यावं लागतं. "जिभेला हाड नसतं" असं आपण म्हणतो, ते तिने काहीही बोलावं म्हणून. पण या बिनहाडाच्या जिभेचा हाडावर किती अधिकार चालतो, ते मी या वर्षभरात शिकले. तोंड मिटलेलं असताना जीभ टाळूला टेकून शांत पडलेली असते. बाहेरून गाल दाढांना आत दाबतात, आतून जीभ त्यांना सावरून धरते. दोन्ही दाब अगदी हलके असतात, पण दिवसचे दिवस चालू राहतात. दातांच्या बाबतीत जोरापेक्षा किती वेळ दाब राहिला याला जास्त महत्त्व आहे. घास चावताना केवढा जोर लागतो, त्याने दात जागचे हलत नाहीत. तासन्‌तास टेकून राहिलेला अंगठा त्यांना हलवतो.

लेक साडेचार वर्षांची होईपर्यंत अंगठा चोखत होती. मला वाटायचं, अंगठ्याने पुढचे दात पुढे येतील, तेवढंच. अंगठा तोंडात असताना जीभ खाली दाबलेली राहते आणि चोखताना गाल आत ओढले जातात, हे कधी डोक्यातच आलं नाही. आतला आधार गेला, बाहेरचा दाब वाढला. कमान इंग्रजी यू सारखी गोलसर व्हायची ती व्ही सारखी निमुळती होऊ लागते आणि टाळू उंच, खोल. नाक कायम चोंदलेलं असेल, नाकामागच्या अ‍ॅडिनॉइड ग्रंथी सुजलेल्या असतील आणि मूल तोंडाने श्वास घेत असेल, तर तिथेही जीभ खालीच राहते. एगिल हार्वोल्ड या दंतसंशोधकांनी माकडांची नाकं बंद करून त्यांना तोंडाने श्वास घ्यायला लावलं होतं, तेव्हा त्यांच्या जबड्यांची ठेवण बदलली होती. मात्र प्रत्येक माकडात ती सारखी बदलली नाही, ज्याने त्याने तोंड उघडं ठेवण्याची आपापली तऱ्हा काढली आणि हाडं त्या तऱ्हेप्रमाणे घडली. म्हणून मी अंगठ्यावर सगळं खापर फोडत नाही. माझाही वरचा जबडा अरुंद आहे. तिला तो माझ्याकडून आला असेल, आणि अंगठ्याने त्यात भर घातली असेल.

ही कल्पना मुळात कुणाला सुचली असेल, असं चावी फिरवताना मनात यायचं. 1860 साली अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या एमर्सन अँजेल या दंतवैद्याने चौदा-साडेचौदा वर्षांच्या एका मुलीच्या वरच्या दातांमध्ये स्क्रू बसवला. तो फिरवत राहायचं काम तिच्याकडेच दिलं. दोन आठवड्यांत कमान पाव इंच रुंद झाली आणि पुढच्या दोन दातांमध्ये फट पडली. त्या फटीवरून त्याने ओळखलं की दात नुसते कलले नाहीत, वरची दोन हाडंच एकमेकांपासून सुटली आहेत. त्याच्याकडे दुसरा पुरावा नव्हता. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून 35 वर्षं होती. अनेक जाणकारांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही आणि अमेरिकेत ही पद्धत जवळजवळ शतकभर मागे पडून राहिली. अँड्र्यू हास या दंतवैद्यांनी आधी डुकरांवर आणि मग रुग्णांवर काम करून 1961 मध्ये ती पुन्हा पुढे आणली. लेकीच्या तोंडात आहे ते त्याच घराण्यातलं साधन. हासच्या साधनात टाळूला टेकलेली अ‍ॅक्रिलिकची गादी होती, हिच्या साधनात नुसती तार आणि स्क्रू, म्हणजे स्वच्छ करायला सोपं.

त्या चौदा वर्षांच्या मुलीचा मी फार विचार करते. तिच्याजवळ कुणी बसलं होतं का? नाकाच्या मुळाशी दाब आला तेव्हा तिला कुणी सांगितलं होतं का, की हे असंच होतं?

आमच्या घरी ती फट नवव्या दिवशी दिसली. सकाळी दात घासताना लेकीने हाक मारली. आवाजात भीती होती. "आई, माझे दात लांब गेले." वरच्या पटाशीच्या दोन दातांमध्ये, जिथे काल काही नव्हतं, तिथे काळी उभी रेघ होती. मला सगळं माहीत होतं, मी याचीच वाट पाहत होते, तरी काळजात लक्कन झालं. मग मी तिला मांडीवर घेतलं, एवढी मोठी झाली तरी, आणि सांगितलं की याचा अर्थ शिवण उघडली. दात आपापल्या हाडाबरोबर दोन्हीकडे गेलेत. मधे जी मोकळी जागा झाली आहे तिथे तुझं नवं हाड येणार. अठ्ठाविसाव्या रात्रीपर्यंत फट इतकी रुंद झाली की तिने शाळेत हसायचं टाळलं. स्क्रू तोवर सात मिलिमीटर उघडला होता. वरच्या दाढा आता गरजेपेक्षाही थोड्या बाहेर होत्या. हे जाणूनबुजून केलेलं असतं, कारण दाढा नंतर थोड्या परत येतात. डॉक्टरांनी स्क्रू पक्का केला, चावी परत घेतली आणि सांगितलं की आता सहा महिने काहीच करायचं नाही.

हे काहीच न करणं मला फेऱ्यांपेक्षा अवघड गेलं. पण खरं काम त्याच महिन्यांत होतं. उसवलेल्या शिवणीत रक्त जमतं, तंतू ताणले जातात, आणि त्या ताणलेल्या तंतूंच्या बाजूने हाड उगवू लागतं. पायाचं हाड लांबवणारे रशियातले शल्यचिकित्सक इलिझारॉव यांची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. तिथेही दिवसाचा एक मिलिमीटर चार भागांत विभागतात, म्हणजे एका वेळी पाव मिलिमीटरच. दोन्हीकडे हाच आकडा दिसला तेव्हा मी वही बंद करून थोडा वेळ गप्प बसले. पुढच्या दातांमधली फट दरम्यान आपली आपण भरत आली. दातांच्या मुळांना एकमेकांशी बांधणारे हिरडीतले तंतू ताणलेले असतात, ते दातांना परत जवळ ओढतात. त्यासाठी तार लागली नाही, काहीच लागलं नाही. हाडं दूरच राहिली आणि दात जवळ आले.

तिचं बोलणं मात्र पहिले काही आठवडे फार हललं. आपल्या भाषेत टाळूला किती काम आहे हे तेव्हा कळलं. ट, ठ, ड, ढ, ण म्हणताना जीभ वळून टाळूकडे जाते, च आणि श म्हणताना टाळूशी जाते. आणि ळ! जीभ उलटी वळून टाळूला टेकून खाली झेपावते तेव्हा ळ होतो. तिच्या जिभेला वाटेत धातू लागायचा. शाळा, वेळ, डोळे, सगळं ओलसर, गुळगुळीत होऊन बाहेर यायचं, तोंडात लाळ भरायची. 'टाळू' हा शब्दच तिला म्हणता येत नव्हता. रात्री झोपण्याआधी आम्ही दोघी मोठ्याने वाचायचो, ळ असलेली वाक्यं शोधून शोधून. तीन आठवड्यांत जिभेने नवी वाट काढली. वर्गात एक कविता मोठ्याने म्हणायची होती, ती तिने पूर्ण म्हटली.

घास टाळूच्या आणि तारेच्या मधे अडकणं, तोंडात पाण्याची पिचकारी मारून तो काढणं, दाढेभोवती सुजलेली हिरडी, हे सगळं होतंच. ते निभतं.

तिच्या तपासणीच्या वेळी मी डॉक्टरांना माझा जबडा दाखवला. मला दहावीनंतर तारा लावल्या होत्या. दाटी फार म्हणून चार उपदाढा काढून जागा केली आणि दात सरळ केले. टाळूच्या रुंदीबद्दल तेव्हा कुणी काही बोलल्याचं मला आठवत नाही. डॉक्टरांनी क्ष-किरण काढला, त्रिमितीतला, आणि पडद्यावर माझी शिवण दाखवली. म्हणजे शिवण जिथे असायला हवी ती जागा दाखवली. तिथे एकसंध पांढरं हाड होतं. या वयात लेकीसारखा स्क्रू लावला तर हाड हलणार नाही, दाढाच बाहेर कलतील, त्यांच्या बाहेरचं पातळ हाड झिजेल, हिरड्या उतरतील. मोठ्या माणसांसाठी टाळूच्या हाडातच बारीक स्क्रू बसवून त्यांच्या आधाराने रुंदी वाढवायची पद्धत गेल्या दीड दशकात आली आहे. शिवण फारच घट्ट असेल तर शस्त्रक्रियेने हाड मोकळं करून मग स्क्रू फिरवतात. मला दोन्हीची निकड नाही, असं त्यांचं मत पडलं आणि मलाही ते पटलं. पण त्या पांढऱ्या पट्ट्याकडे मी बराच वेळ बघत राहिले. दुःख म्हणता येणार नाही असं काहीतरी वाटलं. माझीही कधीतरी मोकळी होती.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहायला हवी, कारण मला ती अनेकांनी विचारली. टाळू म्हणजे नाकाचा तळ, त्यामुळे टाळू रुंद झाली की नाकातली जागाही थोडी वाढते, हे खरं आहे. लेक आता रात्री पूर्वीपेक्षा शांत झोपते असं मला वाटतं. पण ती तेवढ्यात एका वर्षाने मोठीही झाली आहे, आणि या वयात अ‍ॅडिनॉइड आपोआप लहान होऊ लागतात. म्हणून श्वासासाठी म्हणून कुणी हा स्क्रू लावावा, असं मी सांगणार नाही. जबडा अरुंद असेल तर लावावा. ज्याची रुंदी नीट आहे त्या मुलाची शिवण उसवायचं काही कारण नाही.

सहा महिन्यांनी साधन काढलं. कड्या सुटताना एक कर्कश आवाज झाला आणि तिने माझा हात घट्ट धरला. टाळूवर तारेचा लालसर ठसा होता. तिने तोंड मिटलं, आणि बराच वेळ काही बोललीच नाही. जीभ आत फिरत होती, गालांवरून दिसत होतं. मग म्हणाली, "आई, आत खूप मोठं झालंय." आता ती दात मिटते तेव्हा हनुवटी जागची हलत नाही. रात्री एक काढता-घालता येणारी प्लेट लावायची आहे, आणि तारा लागल्या तर त्या बाराव्या-तेराव्या वर्षी लागतील.

धाकटा सहा वर्षांचा आहे. परवा त्याला पलंगावर आडवं केलं, टॉर्च घेतला आणि म्हटलं, आ कर. त्याने मोठ्ठा आ केला. मग दात मिटायला लावले, गाल बोटाने बाजूला केला, एकदा उजवीकडून पाहिलं, एकदा डावीकडून. वरच्या दाढा बाहेर, खालच्या आत. हनुवटी सरळ. "काय दिसतं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, सगळं नीट आहे. टॉर्च बंद केला. रात्री पांघरूण घालायला गेले तेव्हा तो गाढ झोपला होता आणि त्याचं तोंड उघडं होतं. आदल्या रात्रीही उघडं होतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली आहे.